निवडीपूर्वीची गणिते

बीड हेच भास्कराचार्यांचे विज्जलवीड, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. परंतु आपले गाव सह्य पर्वताच्या आश्रयाने वसलेले असल्याचे आचार्य स्वतःच सांगतात, आणि त्यांच्या वंशाची साक्ष देणारा, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी विद्वानांच्या नजरेस आणलेला शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे, त्यामुळे बालाघाटाच्या कुशीत राहणाऱ्या आम्हां बीडकरांचा हा दावा अद्याप सर्वमान्य झालेला नाही. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला त्या थोर गणितज्ञाच्या एका कृतीचे स्मरण करावयाचे आहे. इ. स. ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी'सारखा सर्वांगपूर्ण ग्रंथ सिद्ध केल्यावर, तेहतीस वर्षांनी, सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी 'करणकुतूहल' नावाचा एक आटोपशीर ग्रंथ मुद्दाम रचला.

सिद्धान्तग्रंथ कल्पारंभापासूनचे दिवस मोजतो, आणि प्रत्येक संस्काराची उपपत्ती देतो. करणग्रंथ अलीकडचा एखादा शक आरंभ मानून, मोठे गुणाकार-भागाकार टाळून, व्यवहारास पुरेल इतक्या सूक्ष्मतेने ग्रह कोठे असेल ते सांगतो. पुढे इ. स. १५२० च्या सुमारास कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघवा'त हा मार्ग इतका पुढे नेला की ज्याचापांचे कोष्टकच त्यांनी अनावश्यक ठरविले, आणि दिवसांची गणना अकरा वर्षांच्या, म्हणजे ४०१६ दिवसांच्या चक्रांत बसवून हाताळावयाचे आकडे लहान केले. या सुलभीकरणामुळे येणारी चूक किती, आणि ती कोठवर चालवून घ्यावी, याचा अंदाज असल्याखेरीज असे धाडस कोणी करीत नाही. किती अचूकता पुरे, हे ओळखणे हीसुद्धा विद्याच आहे, आणि तिचे मोल आपल्याकडे पुरेसे झालेले नाही असे मला वाटते.

अवकाशमोहिमेच्या अगदी प्रारंभी, यानाचा एक खिळाही घडला नसताना, ज्या संगणकीय प्रणालींच्या साहाय्याने निरनिराळे पर्याय पारखले जातात, त्या मला या विद्येच्या आप्त वाटतात. एकातून दुसरे निघाले असे मी म्हणत नाही. निकड मात्र एकच आहे. १९६५ साली गॅरी फ्लँड्रो या तरुण अभियंत्याच्या ध्यानात आले की सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस गुरू, शनी, युरेनस व नेपच्यून अशा स्थितीत येत आहेत की एकाच्या गुरुत्वाकर्षणाचा वेग घेऊन दुसऱ्याकडे जाता यावे, आणि हा योग पावणेदोनशे वर्षांत एकदाच येतो. त्यावरून पुढे व्हॉयेजर मोहीम आकारास आली. तिच्या आखणीत दहा हजारांहून अधिक मार्ग संगणकावर तपासून अखेर दोन स्वीकारण्यात आले, आणि १९७७ साली दोन याने निघाली. त्या दोन यानांची नावे जगाला पाठ आहेत; टाकून दिलेल्या हजारो मार्गांवर ज्यांनी तितक्याच निष्ठेने श्रम केले, त्यांची दखल कोणी घेत नाही.

पूर्वी अशा आखणीत प्रत्येक खात्याचे टिपण पुढच्या खात्याकडे जाई आणि हरकती लागून परत येई, त्यात महिने जात. १९९५ मध्ये अमेरिकेतील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने, आणि १९९८ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने नेदरलँड्समधील नोर्डवाइक येथे, सर्व खात्यांच्या जाणकारांना एकाच दालनात आणि एकाच सामाईक हिशेबावर बसविण्याची पद्धत घातली. तेथे एकाने संदेशवहनाच्या ॲन्टेनाचा व्यास घटविला की प्रक्षेपकाला अधिक वीज लागते. वीज वाढली की सौरपट्ट्या रुंदावतात, पट्ट्यांनी वजन वाढते, वजनाने इंधन वाढते, आणि क्षणापूर्वी अग्निबाणात सामावणारे यान आता सामावत नाही, हे सर्वांसमक्ष कोष्टकात दिसते. हे आकडे स्थूल असतात, आणि ते तसे असण्यातच त्यांचा उपयोग आहे. पहिल्याच दिवशी सूक्ष्म गणित मांडीत बसले तर दुसरा पर्याय पाहण्यास सवडच उरणार नाही.

आपल्या मंगळयानाची हकिगत या दृष्टीने वाचावी. मंगळाकडे निघण्याची सोयीची वेळ सुमारे सव्वीस महिन्यांनी येते. प्रथम जीएसएलव्ही या मोठ्या अग्निबाणाचा विचार होता. परंतु २०१० साली त्याची दोन उड्डाणे फसली, आणि त्याची वाट पाहावी तर २०१३ ची वेळ चुकून प्रकरण २०१६ वर जाणार, असा पेच पडला. तेव्हा भरवशाच्या परंतु लहान पीएसएलव्हीची तजवीज झाली, आणि त्या एका निर्णयाने पुढचे सारे ठरविले. तो अग्निबाण यानाला थेट मंगळाच्या वाटेवर लावू शकत नव्हता. म्हणून ५ नोव्हेंबर २०१३ ला उड्डाण झाल्यावर पृथ्वीभोवतीच फिरत राहून, प्रत्येक वेळी पृथ्वीच्या निकट बिंदूपाशी लहानसे इंजिन चालवून, कक्षा टप्प्याटप्प्याने ताणावी लागली, आणि १ डिसेंबरला यान मंगळाकडे वळले. सुमारे १,३३७ किलोंच्या त्या यानात ८५२ किलो इंधनच होते. उपकरणांच्या वाट्याला जेमतेम १५ किलो आले. मंगळाभोवतीची कक्षाही अतिशय लांबट, दूरच्या टोकाला सुमारे ७७,००० किलोमीटरपर्यंत जाणारी, पत्करावी लागली, कारण ती आखूड करण्यास इंधन नव्हते. या कक्षेला उणीव म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही: उपलब्ध साधनांत पहिल्याच प्रयत्नात तेथे पोहोचण्याचा तो मार्ग होता, आणि त्याच टोकावरून मंगळाचे संपूर्ण बिंब एका चित्रात टिपता आले.

आपल्या मोहिमांचा इतिहास लिहिताना उड्डाणाच्या तारखांपाशी थांबू नये, तर नामंजूर झालेल्या पर्यायांची मिसलही जपून ठेवावी आणि यथाकाल अभ्यासकांस खुली करावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नासाची 'जीमॅट' ही मार्ग आखण्याची प्रणाली आज कोणासही विनामूल्य मिळते. अंबाजोगाईच्या किंवा बीडच्या एखाद्या महाविद्यालयात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ती उघडून २०२६ च्या अखेरीस मंगळाकडे निघणाऱ्या यानासाठी निघण्याचे आणि पोहोचण्याचे निरनिराळे दिवस घालून पाहावेत, कोणत्या दिवशी इंधन किती लागते याचे कोष्टक मांडावे, आणि ज्या तारखा त्यांनी टाकल्या त्यांच्यापुढे टाकण्याचे कारणही लिहून ठेवावे.