कौलाचे कूळ

न्यायशास्त्रात कार्य आणि कारण यांची चर्चा निघाली की घडा येतोच, आणि घड्यामागोमाग त्याची दोन कपाले येतात. दोन कपाले जुळली की घट झाला. कपाल म्हणजे एरवी कवटी, पण इथे घड्याचे अर्धे शकल. हा दाखला वाचताना माझ्या डोळ्यांपुढे एकदम नळीचे कौल आले. ते अगदी असेच बनते. कुंभार चाकावर एका टोकाला निमुळती होणारी मातीची नळी काढतो, कच्ची असतानाच तिला उभी चीर देतो आणि दोन्ही अर्धी भाजतो. एका नळीची दोन कौले. मग ‘कौल’ हा शब्दच कपालाच्या घराण्यातला असेल तर?

या शब्दावर पहिला हक्क सांगायला येतो तो अरबी कौल. अर्थ वचन, शब्द. मराठेशाहीतला कौलनामा त्याचाच, ग्रामदेवतेला लावतात तो कौलही त्याचाच. उच्चार तंतोतंत तोच. पण मराठीतले लिंग त्याच्याविरुद्ध साक्ष देते. देवाचा तो कौल, छपरावरचे ते कौल. अनेकवचनात पहिला कौलच राहतो, दुसऱ्याची कौले होतात. शिवाय दिलेल्या वचनापासून भाजलेल्या मातीपर्यंत अर्थाची वाट कुठून काढायची? हा दावा मी निकालात काढतो.

दुसरा दावेदार ‘कवळणे’. हा जास्त मोहात पाडतो, कारण घर शाकारताना वरचे पालथे कौल शेजारच्या दोन उताण्या कौलांना खरोखरच कवळून बसते. अडचण एकच, पण मोठी: कवळण्यातला ळ कौलात ल कसा झाला?

हाच प्रश्न माझ्या कपालालाही अडवतो, आणि खरा शोध इथेच आहे. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत ळ होतो. फलाचे फळ, कालाचा काळ. कपालाचेही कपाळ झालेच. ल टिकतो तो प्राकृतात जोडाक्षर असेल तरच: तेल्लचे तेल, मोल्लचे मोल. म्हणजे कौलासाठी जोड ल असलेला कपाल हवा. तो पालीत सापडतो. तिथे कपालाबरोबर ‘कपल्ल’ही नांदतो, आणि त्याचा अर्थ मातीचे भांडे, तवा. प चा व होणे तर घराच्या दारातच दिसते, कपाटाचे कवाड झाले आहे. कपल्ल, कवल्ल, कवल, कौल. कपाळ आणि कौल ही एकाच मुळाची दोन फळे, एक एकट्या ल चे, दुसरे जोड ल चे.

अर्थाच्या बाजूने तर शेजारीपाजारी सगळेच माझ्या बाजूचे आहेत. हिंदी खपरैल खर्परातून आले, आणि खर्पर म्हणजे खापर आणि कवटीही. कन्नड हंचु म्हणजे खापरी आणि छपराचे कौल. तमिळ ओडु तर कौल, खापरी, कवच आणि ‘मंडै ओडु’ म्हटले की थेट कवटी. दोन वेगळ्या भाषाकुळांनी छपराला खापरातूनच नाव द्यावे, याचे कारण मला कुंभाराच्या चाकातच दिसते. ज्या हाताने मडके, त्याच हाताने कौल. यज्ञात पुरोडाश भाजायला भाजक्या मातीची कपाले एकमेकांना भिडवून मांडत. आठ कपालांवरचा तो अष्टाकपाल. खापरे जुळवून पृष्ठभाग तयार करण्याची कल्पना तेव्हाही होती, आणि ती नंतर छपरावर चढली असे मी धरून चालतो.

मंगलोरी कौलाची हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे: बासेल मिशनच्या प्लेब्स्टने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला. खाचेत खाच अडकणारे कौल त्याआधीच फ्रान्सच्या आल्सास भागात गिलार्दोनी बंधूंनी बनवले होते, १८४१ चे त्यांचे पेटंट आहे. हे कौल साच्यात दाबून काढतात. चाक सुटले, नळी सुटली, अर्ध्या घड्याशी असलेले नातेही तुटले, तरी कोकणाने त्याला कौलच म्हटले. आणि हे कौल जिथून आले तिथल्या फ्रेंच भाषेत डोक्याला ‘तेत’ म्हणतात. तो शब्द लॅटिन ‘तेस्ता’पासून आला, आणि तेस्ता म्हणजे भाजक्या मातीचे भांडे, खापरी, वीट, कौल.