ट्रेमध्ये बी उगवलं नाही? बियाण्याला दोष देण्याआधी कप्पा उकरून पाहा

मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं आता अनेक शेतकरी गादीवाफ्याऐवजी कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये तयार करतात. संकरित बियाण्याचं पाकीट महाग पडतं आणि रोपं हुकली की लागवडही लांबते. त्यामुळे ट्रे रिकामा दिसला की पहिला राग बियाण्यावर निघतो. बियाणं खराब असू शकतं, पण पाणी, ऊब किंवा खोली चुकली तर चांगलं बीही उगवत नाही. नेमकं काय बिघडलं, हे कप्प्यातलं बी पाहिल्यावर बरंचसं कळतं.

आधी दिवस मोजा

२५ ते ३० अंश तापमानात टोमॅटो साधारण ५ ते ८ दिवसांत, वांगी ६ ते १० आणि मिरची ८ ते १२ दिवसांत उगवते. थंडीत यापेक्षा जास्त दिवस लागतात, मिरचीला तर फारच. तोवर घाईने पुन्हा बी टोबू नका.

मग कप्पा उकरा

मुदत उलटून गेली असेल तर ट्रेच्या कडेचे आणि मधले मिळून आठ-दहा रिकामे कप्पे काडीने हलकेच उकरा.

- बी कोरडं, जसंच्या तसं: ओल बियाण्यापर्यंत पोहोचलीच नाही. कोकोपीट एकदा पूर्ण सुकलं की वरून मारलेलं पाणी लवकर शोषत नाही. ट्रे भरण्याआधी ते नीट भिजवून घ्या. कडेचे कप्पे आधी सुकतात, तिकडे लक्ष ठेवा.
- बी फुगलं, पण मऊ पडून कुजलं: पाणी जास्त झालं. मूठभर कोकोपीट दाबल्यावर गोळा झाला पाहिजे, पण पाणी गळता कामा नये. कप्प्याखालची छिद्रं बुजली नाहीत ना, तेही पाहा.
- बी फुगलं, घट्ट आहे, पण कोंब नाही: बहुतेक वेळा ऊब कमी पडलेली असते. ट्रे उबदार जागी ठेवून आणखी काही दिवस वाट पाहा.
- कोंब फुटला, पण वर आला नाही: बी खोल गेलं. टोमॅटो, मिरची, वांग्याला अर्धा ते एक सेंटिमीटर खोली पुरे.
- कोंब फुटून वाळला: मध्येच एखाद्या दिवशी पाणी चुकलं.
- बीच नाही किंवा नुसतं टरफल: मुंग्या किंवा उंदीर. काकडी, भोपळ्याचं बी उंदरांना विशेष आवडतं. ट्रे जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवा.

ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकले असतील तर ढीग सावलीतच हवा. उन्हात आत बी उकडतं. पहिले कोंब दिसताच ट्रे मोकळे करा, नाहीतर रोपं पांढरी आणि लांबुडकी होतात.

बियाण्याची घरगुती परीक्षा

शिल्लक बियांपैकी २० बिया मोजून ओल्या सुती कापडात गुंडाळा आणि उबदार जागी ठेवा. कापड सुकू देऊ नका. वर दिलेल्या मुदतीनंतर कोंब मोजा. २० पैकी १४ उगवल्या तर उगवण ७० टक्के. ही परीक्षा पेरणीआधीच केली तर नुकसान टळतं.

बियाणे मानकांनुसार टोमॅटो आणि वांग्याची उगवण किमान ७० टक्के, तर मिरचीची ६० टक्के असावी लागते. म्हणजे ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये टोमॅटोची सुमारे ६९ आणि मिरचीची सुमारे ५९ रोपं मिळाली तरी बियाणं मानकात बसतं. बाकीचे कप्पे रिकामे राहणार, हे धरूनच बी थोडं जास्त टाकावं.

बियाणंच खराब निघालं तर

कापडातही उगवण फारच कमी आली तर ट्रे रिकामे करू नका. ट्रेचे फोटो काढा. पक्कं बिल, लॉट नंबर असलेलं पाकीट आणि उरलेलं बी जपून ठेवा. तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुका पातळीवर बियाणे तक्रार निवारण समिती असते, ती पाहणी करते.

बियाणं घेतानाच पाकिटावरची तपासणीची तारीख आणि वापराची मुदत वाचा. बिलावर लॉट नंबर लिहून घ्या. बिल नसेल तर तक्रार खरी असूनही ती सिद्ध करणं अवघड जातं.