झेडएक्स स्पेक्ट्रम
केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्च कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये आणलेला ८ बिटी घरगुती संगणक. १६ किलोबाइट स्मृतीचे यंत्र १२५ पौंडांना, ४८ किलोबाइटचे १७५ पौंडांना मिळे. ब्रिटनमधील कितीतरी मुले प्रोग्रॅम लिहायला शिकली ती याच्या रबरी बटणांवर. खेळ कॅसेटवरून भरावा लागे. टेपरेकॉर्डर किंचाळू लागला की पडद्याच्या कडेला आधी तांबडे-आकाशी, मग निळे-पिवळे पट्टे धावत; चारपाच मिनिटे पोरे श्वास रोखून बसत. टेप अडखळली, की पुन्हा पहिल्यापासून. जुन्या यंत्रात संग्राहकाने प्रथम बटणांखालचे पातळ प्लॅस्टिक पटल तपासावे. ते कालांतराने कडक होऊन तडकते. नवे पटल मिळते, बसवणेही अवघड नाही. कॅसेटमधील खेळ मात्र वेळीच उतरवून घ्यावेत.