दुभाषी कोणासाठीं?

डब्लिन शहरांतील ग्रीन स्ट्रीटच्या न्यायालयांत १८८२ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत एका शेतकऱ्यावर खुनाचा खटला चालला. पिंजऱ्यांत उभा असलेला हा मनुष्य आयर्लंडच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलखांतला. वय चाळिशीच्या आसपास. न्यायाधीश बोलत होते, सरकारी वकील बोलत होते, त्याचे स्वतःचे वकीलहि बोलत होते. परंतु सर्व इंग्रजींत, आणि त्याला इंग्रजी येत नव्हतें. त्याची भाषा आयरिश, म्हणजे त्या देशाची मूळची भाषा. ज्यूरीनें विचारास सहा मिनिटें घेतलीं व त्यास दोषी ठरविलें. त्यानंतर दुभाषी त्याच्याकडे वळला. तूं अपराधी ठरला आहेस, शिक्षा कां देऊं नये याविषयीं तुला कांहीं सांगावयाचें आहे काय, असें त्याला त्याच्या भाषेंत विचारण्यांत आलें.

सरकारी कागदांत त्याचें नांव मायल्स जॉइस. त्याच्या मुलखांत लोक ज्या नांवानें त्याला हांक मारीत तें नांव मेलरा शोय असें होतें. खटला उभा राहण्यापूर्वीं नांवाचें तेवढें भाषांतर होऊन गेलें होतें. भाषांतराची ही एकच सोय त्याच्या वांट्यास न मागतां आली.

प्रकरण असें घडलें. मेयो व गॉलवे या जिल्ह्यांच्या सीमेवर मामट्रास्ना नांवाचें एक आडबाजूचें खेडें आहे. तेथें ऑगस्टमधील एका रात्रीं जॉन जॉइस नांवाच्या कुणब्याच्या घरांत कांहीं लोक शिरले व त्यांनीं तो, त्याची बायको, म्हातारी आई, मुलगी व एक मुलगा अशा पांच जणांचे प्राण घेतले. जखमी झालेला एक लहान मुलगा तेवढा वांचला. तो काळ जमीनदार व कुळें यांच्यामधील झगड्याचा होता. त्याच वर्षीं मे महिन्यांत डब्लिनच्या फीनिक्स उद्यानांत सरकारचा मुख्य सचिव व त्याचा दुय्यम अधिकारी यांचे भरदिवसां खून झाले होते. सरकारला गुन्हेगार हवे होते आणि लवकर हवे होते. अंधारांत आपण मारेकऱ्यांच्या मागोमाग गेलों व त्यांना ओळखलें, असें तिघा शेजाऱ्यांनीं सांगितलें. त्यावरून दहा जण पकडले गेले. त्यांतले दोघे माफीचे साक्षीदार झाले. त्याच सालीं झालेल्या खास कायद्यान्वयें खटला गांवापासून दूर डब्लिनला नेण्यांत आला व अधिक मालमत्ता असलेल्या लोकांतून निवडलेल्या विशेष ज्यूरीपुढें चालविण्यांत आला.

न्यायालयांत इंग्रजीच चालावी हा नियम कोठून आला, हें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांत एके काळीं न्यायालयाचें बोलणें फ्रेंचमध्यें व दप्तर लॅटिनमध्यें असे. लोकांना फ्रेंच समजत नाहीं म्हणून १३६२ सालीं तोंडी कामकाज इंग्रजींत करण्याचा कायदा झाला. पुढें १७३१ च्या कायद्यानें लॅटिन दप्तरहि बंद झालें. ज्याला न्यायालयांत खेंचलें जातें त्याला आपल्यावर काय आरोप आहे हें कळलें पाहिजे, असा त्या कायद्याचा उघड हेतु होता. १७३७ सालीं आयर्लंडच्या पार्लमेंटनें तशाच प्रकारचा कायदा केला. परंतु पश्चिम आयर्लंडांतील शेतकऱ्याची भाषा इंग्रजी नव्हती. इंग्लंडांत जो कायदा लोकांस न्यायालयाचें बोलणें समजावें म्हणून झाला, त्याचीच प्रत समुद्रापलीकडे गेल्यावर हजारों लोकांस तें न समजण्याचें कारण झाली. अक्षरें तींच राहिलीं, अर्थ उलटा झाला.

तथापि ग्रीन स्ट्रीटच्या न्यायालयांत दुभाषी मुळींच नव्हता असें नाहीं. तो होता, आणि तो पोलिस दलांतलाच होता. आयरिश बोलणारा साक्षीदार उभा राहिला म्हणजे त्याची जबानी तो इंग्रजींत सांगे, आणि ती न्यायाधीशांस, वकिलांस व ज्यूरीस कळे. भाषांतराची वाट अशी एकाच दिशेची होती. इंग्रजींत चाललेलें आयरिशमध्यें सांगून तें पिंजऱ्यांतल्या मनुष्यापर्यंत पोंचविणें हें कोणाचेंच काम मानलें गेलें नव्हतें. दुभाषी ही न्यायालयाची सोय होती. तो आरोपीचा हक्क नव्हता.

आरोपीला कळलें काय किंवा न कळलें काय, वकील तर त्याच्या बाजूनें उभे होतेच ना, असें कोणी म्हणेल. त्या काळचे कायदेपंडित हेंच म्हणत. परंतु एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. त्या वेळच्या कायद्याप्रमाणें आरोपीस स्वतः शपथेवर जबानी देतां येत नसे. त्याला आपल्या बचावास हातभार लावण्याचा मार्ग एकच: साक्षीदार खोटें बोलूं लागला कीं तें ओळखावयाचें आणि वकिलाच्या कानीं घालावयाचें. तो डोंगर, ती पायवाट, त्या रात्रीचा काळोख, कोणाचें कोणाशीं वैर, हें डब्लिनच्या वकिलास कोठून ठाऊक असणार? तें ठाऊक होतें मेलरा शोय याला. आणि साक्षीदार काय म्हणत आहे हें कळल्यावांचून तो वकिलास सांगणार तरी काय? इंग्रजींत बोलल्या गेलेल्या प्रत्येक वाक्याबरोबर त्याच्या बचावाचें एकेक दार लागत गेलें, आणि तें लागल्याचा आवाजहि त्याला ऐकूं आला नाहीं.

निकालानंतर त्यानें आयरिशमध्यें उत्तर दिलें. आपण निर्दोष आहों, त्या रात्रीच्या कृत्याशीं आपला कांहीं संबंध नाहीं, देव साक्षी आहे, असा त्याचा आशय होता. दुभाष्यानें तो न्यायाधीश बॅरी यांना इंग्रजींत सांगितला, आणि न्यायाधीशांनीं फाशीची शिक्षा दिली. त्याच्यापूर्वीं पॅट जॉइस व पॅट केसी या दोघांस तीच शिक्षा झाली होती. हें पाहून उरलेल्या पांच जणांनीं गुन्हा कबूल केला व त्यांची फाशी जन्मठेपेवर आली.

फाशीच्या थोडे दिवस आधीं पॅट जॉइस व पॅट केसी यांनीं तुरुंगांत स्वतंत्रपणें निवेदनें दिलीं. आपण दोषी आहों, परंतु मायल्स निरपराध आहे, असें दोघांनींहि सांगितलें. मरणाच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्यासाठीं खोटें बोलण्यांत काय लाभ? मायल्सच्या बायकोनेंहि नवऱ्याच्या जिवासाठीं वर्तमानपत्रांतून विनवणी केली. व्हाइसरॉय अर्ल स्पेन्सर यांनीं कायद्यास त्याच्या मार्गानें जाऊं द्यावें असें ठरविलें. १५ डिसेंबर १८८२ रोजीं गॉलवेच्या तुरुंगांत तिघांसहि फांसावर चढविण्यांत आलें. शेवटच्या क्षणापर्यंत मायल्स आयरिशमध्यें आपलें निरपराधित्व सांगत होता. मारवुड नांवाच्या इंग्रज फाशीदाराला त्यांतलें अक्षर कळणें शक्य नव्हतें. दोरी नीट बसली नाहीं, आणि मायल्सला मरण लवकर आलें नाहीं.

१८८४ सालीं टॉमस केसी या माफीच्या साक्षीदारानें गांवच्या देवळांत, आर्चबिशपसमक्ष, आपण मायल्सविरुद्ध खोटी शपथ घेतल्याचें कबूल केलें. लंडनच्या पार्लमेंटांत वादळ उठलें, टिमथी हॅरिंग्टन यांनीं पुस्तिका लिहून खटल्यांतील उणीवा चव्हाट्यावर मांडल्या. पण सरकारनें निकालाला हात लावला नाहीं.

पंचवीस वर्षांनीं, १९०७ सालीं, त्रिएस्त येथील एका इटालियन वृत्तपत्रांत या खटल्यावर एक लेख आला. लेखक जेम्स जॉइस. आडनांव तेंच, जन्म खटल्याच्याच सालचा. न्यायासनापुढें तळमळून बोलणारा आरोपी आणि त्याचें लांबलचक बोलणें एका तुटपुंज्या वाक्यांत संपविणारा दुभाषी, असें चित्र त्यानें काढलें. तपशिलांत तें चुकीचें आहे. मायल्सला त्यानें सत्तरीचा म्हातारा केलें आहे. परंतु आयर्लंड जगाच्या न्यायासनापुढें असेंच मुकें उभें आहे, हा त्याचा मुद्दा लोकांच्या स्मरणांत राहिला, आणि अस्सल कागदपत्रांपेक्षां हें चित्रच पुष्कळांनीं खरें मानलें.

कायदा सावकाश बदलला. हिंदुस्थानांतील १८९८ च्या क्रिमिनल प्रोसीजर कोडांत, आरोपीस न समजणाऱ्या भाषेंतील साक्ष त्याला समजणाऱ्या भाषेंत भर कचेरींत सांगितली पाहिजे, असें ३६१ वें कलम होतें. १९७३ च्या संहितेंतहि तें तत्त्व राहिलें. इंग्लंडांत ली कुन नांवाच्या चिनी आरोपीचें अपील १९१६ च्या निवाडासंग्रहांत छापलें गेलें. आरोपी हजर पाहिजे तो आपल्याविरुद्धची हकीकत समजून घेण्यासाठीं, म्हणून पुरावा त्याला भाषांतर करून सांगावा, असें तत्त्व त्यांत मांडलें गेलें. ली कुनचें अपील मात्र फेटाळलें. १९५० च्या युरोपीय मानवी हक्क करारानें विनामूल्य दुभाषी हा आरोपीचा हक्क म्हणून नोंदविला.

४ एप्रिल २०१८ रोजीं आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष मायकेल हिगिन्स यांनीं मेलरा शोय याला मरणोत्तर माफी दिली. त्याचें प्रेत तुरुंगाच्या आवारांत पुरलें होतें. तो तुरुंग पुढें पाडला गेला, आणि त्या जागेवर आज गॉलवेचें कॅथीड्रल उभें आहे.