परतूरच्या वाटेकडे लागलेले डोळे

मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारी गाडी जालना सोडून पुढे निघाली की काही वेळाने परतूरचे स्टेशन येते. चहावाल्याची हाक, दोन-चार बोचकी, उतरणारी-चढणारी माणसे, आणि गाडी पुन्हा हलते. खिडकीतून बाहेर पाहणाऱ्याला येथे काही घडून गेले असेल अशी शंकाही येत नाही. परंतु पानिपताची वाट येथून सुरू झाली. जुन्या इतिहासात ज्याला पटदूर म्हटले आहे ते हेच गाव.

1760 च्या फेब्रुवारीत उदगीरला निजामाचा मोड झाला होता. विजयाचा गुलाल अंगावर असतानाच दत्ताजी शिंदे 10 जानेवारीस बुराडी घाटावर पडल्याची बातमी दक्षिणेत येऊन थडकली. परतूरच्या मुक्कामी मसलत झाली आणि मार्चच्या मध्यावर, पाडवा तोंडावर आलेला असताना, सदाशिवरावभाऊ उत्तरेकडे निघाले. बरोबर अठरा वर्षांचे विश्वासराव होते.

वर्गात हा भाग मी दरवर्षी शिकवतो. तोफा, गारदी, गोल, सारे फळ्यावर काढतो. एकदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, जे घरी राहिले त्यांना कसं कळलं?” घंटा झाली म्हणून मी सुटलो. प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला.

सगळ्याच बायका घरी राहिल्या नव्हत्या. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई लष्कराबरोबर होत्या. नाना फडणीस तेव्हा विश्वासरावांच्याच वयाचे. ते आई व पत्नीसह तीर्थयात्रेच्या ओढीने गेले. पण विश्वासरावांच्या मातोश्री गोपिकाबाई दक्षिणेतच राहिल्या, आणि त्यांच्यासारख्या, नाव नसलेल्या हजारो. शिपाई गेला म्हणून नांगर थांबत नाही, गाईला वैरण लागते, सावकार दाराशी येतो. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईच्या मनात काय चालले असेल, ते कोणत्याही दप्तरात नाही. बखरकाराला घोड्यांची गणती ठाऊक असते. चुलीपुढच्या माणसाकडे त्याचे लक्ष जात नाही.

सुरुवातीला बातम्या चांगल्याच होत्या. ऑगस्टमध्ये दिल्ली हाती आली. 17 ऑक्टोबरला कुंजपुरा पडला आणि दसरा तिकडे थाटात झाला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपताजवळ यमुना ओलांडली, आणि लष्कर व दक्षिण यांच्यामध्ये तो येऊन बसला. जासूद पोहोचेनात. युद्ध झाले ती तिथी पौष शुद्ध अष्टमी. तीवरून मागे मोजत गेले तर त्या वर्षीची दिवाळी 8 नोव्हेंबरच्या आसपास येते. म्हणजे आपल्याकडे अंगणात पणत्या लागल्या तेव्हा तिकडे दोन्ही फौजा समोरासमोर ठाकल्या होत्या. आपण फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक वाचत असाल, तर क्षणभर ती दिवाळी डोळ्यांपुढे आणा. किती घरी पाट मोकळे राहिले असतील! तरी करंज्या झाल्याच असतील. घरात पोरे होती.

डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची आशा खुंटली. त्याच डिसेंबरच्या 27 तारखेस नानासाहेब पेशव्यांनी पैठणला दुसरे लग्न केले. ह्या लग्नावरून त्यांना पुष्कळ बोल लावला जातो, आणि तो सगळाच अनाठायी नाही. पण उपाशी छावणीची खरी अवस्था पैठणला कितपत उमगली होती, हेही पाहिले पाहिजे. अक्षतांच्या वेळी गोपिकाबाईंच्या मनात काय होते, हे विचारण्याचे धाडस माझ्यातल्या कादंबरीकारालाही होत नाही.

14 जानेवारी 1761 ला सारे संपले. पेशवे उत्तरेच्या वाटेवर भेलशाजवळ असताना एका सावकारी पत्राने ते कळले. त्यात मोती गळाल्याची आणि मोहरा हरवल्याची भाषा होती. माणसे मोजण्याची ती रीत किती घरांत समजली असेल कोण जाणे. नानासाहेब 23 जून रोजी पर्वतीवर वारले. नाना फडणीस व त्यांची पत्नी परतली. आई परतली नाही. ‘विश्वास पानिपतात गेला’ असे आपण आजही सहज म्हणतो. ज्या माउलीचा विश्वास गेला तिच्या कानी ही म्हण कशी पडली असेल?

पार्वतीबाई परतल्या त्या कुंकवासकट. भाऊसाहेब गेले हे त्यांनी मानलेच नाही. शास्त्राने बारा वर्षे वाट पाहून बेपत्ता माणसाची पळसाच्या पानांची प्रतिमा दहन करायला सांगितले आहे; बारा वर्षे 1773 मध्ये भरली. कुंकू राहिलेच. 1774 मध्ये नारायणरावांच्या विधवा गंगाबाईंना, त्या गरोदर असताना, पुरंदरावर नेले तेव्हा सोबतीला ह्याच पार्वतीबाई होत्या. एका घरातल्या दोन बायका: एकीचा नवरा डोळ्यांदेखत गेलेला, दुसरीचा गेला की नाही हेच न ठरलेला.

पुढे ‘मीच भाऊ’ म्हणणारा तोतया उभा राहिला. सरदार, किल्लेदार, सामान्य माणसेही त्याच्यामागे धावली. सगळ्यांना काही तो तोतया फसवू शकला नसता; पंधरा वर्षे वाटेकडे लागलेले डोळेच त्याला भाऊ करायला तयार होते. 1776 मध्ये पुण्यात त्याला देहदंड झाला. त्यानंतरही पार्वतीबाईंच्या कपाळी कुंकू होतेच.