विळा, हातोडा आणि एक शेर

आमच्या घरी टीव्ही आला तेव्हा मी चौथीत होते. रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर हिंदी सिनेमा लागायचा आणि शेजारची पाच-सहा घरं आमच्या ओसरीत जमायची. एका रविवारी 'मदर इंडिया' होता. सेन्सॉरचं प्रमाणपत्र सरलं आणि अब्बांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. पडद्यावर विळा आणि हातोडा आले आणि त्यासोबत उर्दू शेर ऐकू आला. अब्बांनी तो बरोबरीनं म्हटला. मग हात खाली करून म्हणाले, "अब देखो." माझ्यासाठी सिनेमा तिथेच सुरू झाला होता. नर्गिस नंतर आली.

तो शेर आपल्याकडे अनेकांना पाठ आहे. त्याचा आशय असा, की कुणी आपल्या वाइटावर टपला म्हणून काही बिघडत नाही, शेवटचा फैसला वरच्याचा असतो. पुढे कॉलेजात विळा-हातोड्याचा अर्थ कळला तेव्हा मी गोंधळले. ही तर कम्युनिस्टांची खूण, आणि तिच्याशेजारी खुदाचं नाव? हे दोन्ही एका पडद्यावर कुणी आणि का आणलं असेल?

आणणाऱ्याचं नाव मेहबूब खान. गुजरातमधल्या बिलिमोऱ्याचा हा माणूस, शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत येऊन इंपीरियल फिल्म कंपनीत एक्स्ट्रा म्हणून उभा राहिला. १९२७ च्या मूकपटात अलिबाबाच्या चाळीस चोरांपैकी एक चोर झाला. १९३५ मध्ये सागर मूव्हीटोनसाठी 'अल हिलाल' दिग्दर्शित केला. १९४० चा 'औरत' आणि १९४२ चा 'रोटी' नॅशनल स्टुडिओसाठी केले. 'रोटी'मध्ये पैशाच्या हावेवर त्यानं कोरडे ओढले. पण या सगळ्या सिनेमांच्या सुरुवातीला खूण असायची ती दुसऱ्याच्या कंपनीची. १९४३ मध्ये मेहबूब प्रॉडक्शन्स उभी राहिली तेव्हा त्याला पहिल्यांदा स्वतःच्या दारावर स्वतःची पाटी लावता आली.

त्या काळी स्टुडिओचं बोधचिन्ह म्हणजे खरोखर दारावरची पाटीच होती. आपल्या मराठी प्रेक्षकाला सगळ्यात ओळखीची 'प्रभात'ची. पहाटेच्या उजेडात तुतारी फुंकणारी ती स्त्री अजून डोळ्यांसमोर येते. १९२९ मध्ये कोल्हापुरात 'प्रभात' स्थापन करणाऱ्या पाच जणांत साहेबमामा फत्तेलाल होते. कागलचा हा मुसलमान चित्रकार विष्णुपंत दामल्यांच्या जोडीनं 'संत तुकाराम' दिग्दर्शित करतो आणि तो सिनेमा १९३७ मध्ये व्हेनिसला गौरवला जातो. राज कपूरच्या आर.के.च्या सिनेमात आधी पृथ्वीराज कपूर शंकराच्या पिंडीची पूजा करताना दिसतात, मग 'बरसात'मधली ती जोडी येते, एका हातात नायिका आणि दुसऱ्या हातात व्हायोलिन. कुणाच्या दारावर तुतारी, कुणाच्या पिंडी, कुणाच्या शेर. थिएटरात बसलेल्या माणसाला यातलं काहीच खटकत नव्हतं. ज्याचं घर त्याची पाटी, इतका साधा हिशेब होता.

मेहबूबची पाटी समजायला १९४३ साल समजून घ्यावं लागतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. सोव्हिएत रशिया इंग्रजांच्या बाजूनं लढत होता. कम्युनिस्ट पक्षावरची बंदी १९४२ मध्ये उठली होती. उर्दू-हिंदीच्या लेखकांमध्ये १९३६ पासून प्रगतिशील चळवळीचं वारं होतं आणि त्यातले कितीतरी जण मुंबईत सिनेमासाठी लिहीत होते. अशा दिवसांत विळा-हातोडा म्हणजे शेतकरी आणि कामगार, एवढाच अर्थ पुष्कळांना पुरेसा होता. मेहबूब स्वतः धार्मिक वृत्तीचा माणूस. पक्षाच्या राजकारणाशी त्याचं नातं नव्हतं. तो कष्टकऱ्यांतून आला होता, त्यानं कष्टकऱ्यांची अवजारं लावली. तो मुसलमान होता, त्यानं शेर लावला.

आणि शेतकऱ्याच्या घरात या दोन गोष्टी भांडतात कुठे? माझे आजोबा पेरणी करून बांधावर यायचे आणि आभाळाकडे बघून "अल्लाह मालिक" म्हणायचे. शेजारच्या शेतातले पाटील "पांडुरंगाची इच्छा" म्हणायचे. दोघांच्या हातात विळा होताच. हात आपले चालवायचे आणि पावसाचं वरच्यावर सोडायचं, हे ज्याला कळतं त्याला मेहबूबचं बोधचिन्ह समजावून सांगावं लागत नाही.

मग दशकं बदलली. १९४६ मध्ये 'अनमोल घडी', १९४९ मध्ये 'अंदाज', १९५२ मध्ये रंगीत 'आन'. १९५४ मध्ये वांद्र्याला मेहबूब स्टुडिओ उभा राहिला. ऑक्टोबर १९५७ मध्ये 'मदर इंडिया' आला. हा 'औरत'चाच नवा अवतार. आता मेहबूबच्या हातात रंग होते, मोठा स्टुडिओ होता आणि स्वतंत्र देश होता. म्हाताऱ्या राधेच्या हातातलं मातीचं ढेकूळ आणि मागे चालणारे ट्रॅक्टर, अशी त्याची सुरुवात. तिच्या आधी त्याच विळा-हातोड्याची पाटी.

'मदर इंडिया' हा भारतानं ऑस्करला पाठवलेला पहिला सिनेमा. त्यासाठी इंग्रजी उपशीर्षकांची, साधारण १२० मिनिटांची आखूड प्रत तयार झाली. त्या प्रतीतून बरंच काही कापलं गेलं आणि त्यासोबत विळा-हातोडाही गेला. अमेरिकेतल्या अकादमीला तो खुपू नये, हे कारण.

कारण खोटं नव्हतं. १९४७ पासून हॉलिवूडमध्ये कम्युनिस्टांचा शोध चालू होता. चौकशा झाल्या, लेखक तुरुंगात गेले, अनेकांची नावं काळ्या यादीत पडली. ज्या १९५८ च्या सोहळ्यात 'मदर इंडिया' नामांकनात होता, त्याच सोहळ्यात 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'च्या पटकथेचं ऑस्कर मूळ कादंबरीकार पिएर बूल यांना दिलं गेलं. पटकथा प्रत्यक्षात लिहिली होती कार्ल फोरमन आणि मायकेल विल्सन यांनी. ते काळ्या यादीत होते म्हणून त्यांची नावं पडद्यावर नव्हती. अकादमीनं १९८४ मध्ये चूक सुधारली तोवर दोघंही या जगात नव्हते. म्हणजे त्या रात्री कुणाची नावं पुसलेली होती, कुणाची खूण.

ऑस्कर गेलं फेलिनीच्या 'नाइट्स ऑफ कॅबिरिया'ला. 'मदर इंडिया' एका मतानं हुकला असं सांगतात. मला मात्र त्या मतापेक्षा कापलेली पाटी जास्त आठवते. खूण काढली आणि बक्षीसही आलं नाही.

विळा तोच, हातोडा तोच. पण १९४३ मध्ये जी खूण दोस्त राष्ट्राची होती, ती १९५८ मध्ये अमेरिकेत शत्रूची झाली होती. खूण कुणाची समजायची हे बघणाऱ्यानं ठरवलं. लावणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

इथं माझीही एक गोष्ट सांगते. बीएडला माझ्या दोन मेथड होत्या, उर्दू आणि मराठी. एका मुलाखतीला निघाले तेव्हा भलं चिंतणाऱ्या एकानं सल्ला दिला, बायोडाटात उर्दू लिहू नकोस, उगाच प्रश्न येतात, मराठी पुढे कर. मी रात्री बसून ती ओळ काढली आणि पान पुन्हा टाइप करून आणलं. मुलाखत चांगली झाली. नोकरी मिळाली नाही. न मिळण्याचं कारण काही का असेना, घरी आल्यावर माझ्या मनाला लागली ती मीच खोडलेली ओळ. त्या भाषेत मला अब्बांनी अलिफ-बे शिकवलं होतं.

म्हणून मी मेहबूबला दोष देत नाही. सात समुद्रापार दार उघडावं म्हणून माणूस काय काय करतो, मला ठाऊक आहे. पण एक गोष्ट त्याच्या बाजूनं नोंदवायला हवी. ती खूण परदेशी पाठवलेल्या प्रतीतून गेली. इथल्या प्रेक्षकानं जो सिनेमा पाहिला, त्यात ती राहिली आणि शेरही राहिला. नेहरू गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, २८ मे १९६४ ला, मेहबूब खान गेला. तरी पंचवीस वर्षांनी आमच्या ओसरीत ती पाटी झळकली आणि अब्बांना हात वर करता आला.

मागच्या वर्षी मी नववीच्या मुलांना प्रोजेक्टरवर 'मदर इंडिया'ची सुरुवात दाखवली. एका मुलानं विचारलं, "मॅडम, मेहबूब खान कम्युनिस्ट होते की नमाजी?" मी त्याला विचारलं, "तुझे वडील काय करतात?" म्हणाला, "गवंडी आहेत." "आणि जुम्म्याला?" तो हसला.

त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक अर्जात दोन्ही मेथड लिहिलेल्या आहेत. उर्दू आधी, मग मराठी. शिकले त्याच क्रमानं.