दोन महासागरांची खिंड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं वायोमिंग या संस्थानांत, यलोस्टोन उद्यानाच्या दक्षिणेस, रॉकी पर्वताच्या माथ्यावर एक खिंड आहे. तिचें नांव ‘टू ओशन पास’, म्हणजे दोन महासागरांची खिंड. तेथें डोंगरावरून उतरणारा एक लहानसा ओढा दुभंगतो. त्याचें कांहीं पाणी यलोस्टोन, मिसूरी व मिसिसिपी या नद्यांतून अखेर अटलांटिक महासागरास मिळतें. उरलेलें स्नेक व कोलंबिया या नद्यांच्या वाटेनें पॅसिफिकाकडे जातें. या मुलुखांत घोड्यावरून होणाऱ्या शिकारीच्या इतिहासाचेंहि असेंच झालें आहे. रान एक, सावज एक, वाहन एक. परंतु एकाची शिकार ग्रंथांत गेली आणि दुसऱ्याची कोर्टांत.

तें सावज म्हणजे एल्क. शॉनी लोकांच्या भाषेंतून आलेलें त्याचें दुसरें नांव ‘वापिटी’, म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. आपल्याकडील सांबराहूनहि तो थोराड. काश्मीरांतील दाचीगामच्या रानांतला हंगुल हा त्याचा जवळचा आप्त. पूर्ण वाढीचा नर वजनानें तीनशें किलोंच्या आसपास भरतो. त्याचीं शिंगें दरवर्षीं गळतात आणि पुन्हा उगवतात. सप्टेंबरांत तो माजावर आला म्हणजे त्याची आरोळी खोल आवाजानें सुरू होऊन बारीक शिळेंत संपते व दऱ्याखोऱ्यांतून दूरवर ऐकूं येते. उन्हाळ्यांत हे कळप उंचावरील कुरणांत चरतात आणि बर्फ सांचूं लागलें कीं खालच्या दऱ्यांत उतरतात.

एवढ्या जनावराच्या मागें पायीं जातां येईल. पण मारलेल्या जनावराचें मांस पायीं वाहून आणणें फार कठीण. येथें घोडा लागतो. स्पॅनिश लोकांनीं सोळाव्या शतकांत अमेरिकेच्या मुख्य भूमीवर घोडा आणला आणि एका जमातीकडून दुसरीकडे जातां जातां तो रॉकी पर्वतांतील शोशोनी लोकांपर्यंत पोंचला. १८०५ सालीं लुइस व क्लार्क यांची तुकडी पॅसिफिकाची वाट शोधीत या पर्वतांपाशीं आली, तेव्हां पुढें जाण्यास घोडे मिळाले ते याच शोशोनींकडून. पुढच्या हिवाळ्यांत समुद्राजवळच्या तळावर त्या तुकडीनें १३१ एल्क मारून पोट भरलें, अशी तिच्यांतील सार्जंट गॅस याची नोंद आहे. डोंगरांत घोड्यांचा तांडा घेऊन हिंडण्याची विद्या मूळच्या रहिवाशांना त्यापूर्वींच साधलेली होती.

१८९१ च्या सप्टेंबरांत थिओडोर रूझवेल्ट हा या खिंडीकडे शिकारीस गेला. तो अध्यक्ष होण्यास अजून दहा वर्षें अवकाश होता. सरकारी नोकरभरतीच्या मंडळावर तो त्या वेळीं सभासद होता. बरोबर एक मित्र, वाटाडे आणि सामानाचीं तट्टें. अशा मोहिमेंत शिकाऱ्याच्या नेमाइतकीच सामान लादणाराच्या हातोटीचीहि कसोटी लागते. दोन्ही बाजूंचा भार सारखा तोलून वरून दोर असा आवळतात कीं, पाठीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा विळखा पडतो. तो सैल राहिला तर ओझें घसरतें, तट्टू बिथरतें आणि पीठमीठ दरींत जातें. रात्रीं घोड्यांना पायबंद घालून गळ्यांत घंटा बांधून चरावयास सोडतात, कारण घोडे हरवले तर परतीची वाटच खुंटली. रूझवेल्टला पाऊस लागला, बर्फ लागलें आणि मोठ्या शिंगांचे नरहि मिळाले. १८९२ सालीं त्यानें ही हकीकत मासिकांत छापली आणि पुढच्या वर्षीं ती त्याच्या ‘द विल्डरनेस हंटर’ या ग्रंथांत आली.

त्याच वाटांवर आयडाहोंतील फोर्ट हॉलच्या राखीव प्रदेशांतून बॅनॉक जमातीचे लोकहि घोड्यांवरून येत. त्यांना शिंगांची हौस नव्हती. वाळविलेलें मांस आणि कातडीं हीच त्यांची गरज. १८६८ च्या फोर्ट ब्रिजर येथील तहानें, जोंवर शिकार मिळेल व शांतता राहील तोंवर सरकारच्या मोकळ्या भूमीवर शिकार करण्याचा हक्क त्यांना लिहून दिलेला होता. परंतु जॅक्सन होल या खोऱ्यांतील वसाहतवाल्यांना आतां पूर्वेकडील श्रीमंत शिकाऱ्यांना रान दाखविण्यांत मिळकत होऊं लागली होती. १८९५ च्या जुलैंत त्यांच्या सशस्त्र टोळीनें बायकामुलांसह शिकारीस आलेल्या एका बॅनॉक जथ्याला पकडलें. वाटेंत ते लोक पळाले, टोळीनें गोळ्या झाडल्या आणि एक म्हातारा ठार झाला. वर्तमानपत्रांत मात्र गोऱ्यांचीच कत्तल झाल्याची आवई उठली. फौज आली, पाहते तों कत्तल कोठेंच नाहीं.

मग हक्काचा निर्णय लावण्यासाठीं रेस हॉर्स नांवाच्या बॅनॉक माणसाचा खटला उभा राहिला. त्याच्यावर आरोप सात एल्क मारल्याचा. खालच्या कोर्टानें त्याला सोडलें. परंतु १८९६ सालीं सुप्रीम कोर्टानें असें ठरविलें कीं, १८९० सालीं वायोमिंग हें संस्थान म्हणून संघांत दाखल होतांच तहांतला तो हक्क संपला. लेखी वचन असें बावीस वर्षांत निकालांत निघालें.

एल्कचा नाश या सात जनावरांनीं होत नव्हता. घड्याळाच्या साखळीला लावण्याच्या शोभेसाठीं नुसते सुळे काढून घेऊन धूड टाकून देणारे लोक त्या खोऱ्यांत होते. त्याहून मोठें कारण म्हणजे दऱ्यांतील गवताळ जमिनींवर गुरांचे मळे झाले, कुंपणें पडलीं आणि हिवाळ्यांत खालीं उतरलेल्या कळपांना चारा उरला नाहीं. १९०९ च्या सुमारास शेंकडों एल्क उपासानें मेले. स्टीफन लीक या रहिवाशानें त्यांचीं छायाचित्रें देशभर दाखविलीं, आणि १९१२ सालीं तेथें एल्कसाठीं राष्ट्रीय आश्रयस्थान झालें. हिवाळ्यांत तेथें कळपांना चारा घालण्याची प्रथा पडली. ज्या वसाहतींनीं कळपांची वाट अडविली, त्यांच्यांतल्याच माणसांनीं त्यांना वांचविण्यासाठीं धडपड केली, हेंहि नमूद केलें पाहिजे.

बॅनॉकांच्या खटल्यावरील निकाल मात्र पुढें शंभरांहून अधिक वर्षें आधार म्हणून दाखविला जात राहिला. २०१४ च्या जानेवारींत क्रो जमातीचा एक शिकारी एल्कच्या मागावर बिगहॉर्न पर्वतांतील राष्ट्रीय वनांत शिरला. त्याच्यावर खटला झाला आणि तोच जुना निकाल त्याच्यापुढें ठेवण्यांत आला. क्रो लोकांचा तहहि १८६८ चाच होता. २०१९ च्या मे महिन्यांत सुप्रीम कोर्टानें पांच विरुद्ध चार मतांनीं ठरविलें कीं, संस्थान स्थापन झालें एवढ्यानेंच तहांतला हक्क बुडत नाहीं. जुन्या निकालाची ती विचारसरणी त्याज्य होय. एखादी जागा ‘मोकळी’ आहे कीं नाहीं आणि वन्य पशूंच्या रक्षणासाठीं किती निर्बंध आवश्यक, हे प्रश्न मात्र खुले ठेवण्यांत आले.

खिंडीभोंवतालच्या त्या रानांत आजहि मोटारीला मज्जाव आहे. शरद ऋतूंत घोड्यांचे तांडे चढतात. परसंस्थानच्या शिकाऱ्याबरोबर परवानाधारक वाटाड्या किंवा स्थानिक रहिवासी असावाच लागतो. कळप वांचविण्यास सरकारला तीन-चार हिवाळे पुरले. त्याच कळपांविषयीं दिलेला शब्द मोडण्यांत चूक झाली, हें कबूल करण्यास १२३ वर्षें लागलीं.